एक प्रोग्राम, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि मराठी मजकूर

एक साधा प्रोग्राम घेऊ. पायथॉनमधला, शंभरेक ओळींचा. एका फोल्डरमधल्या मराठी मजकुराच्या सगळ्या फाइली वाचायच्या, कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं आणि यादी एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलमध्ये) लिहायची. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालायला हवा. पायथॉन तिन्हीकडे आहे, त्यामुळे अडचण यायचं कारण दिसत नाही. तरी तो तिन्हीकडे अडतो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी अडतो.

'बंदिस्त सिस्टिम वाईट, मुक्त सिस्टिम चांगली' किंवा याच्या उलट म्हणून यातलं काही सुटत नाही. प्रत्येक सिस्टिमने कुणाला तरी शब्द दिलेला आहे. विंडोजने तो जुन्या प्रोग्रामांना दिला आहे: काल चालत होतात, उद्याही चालाल. ॲपलने तो मशीन वापरणाऱ्याला दिला आहे: तुमच्या मशीनवर काय चालू द्यायचं ते आम्ही सांभाळू, प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी दरवर्षी जुळवून घ्यावं. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, नियम असा की वर चालणारे प्रोग्राम मोडायचे नाहीत. पण कर्नलच्या वरचे थर बांधणारी उबुंटू, डेबियनसारखी वितरणं धरून चालतात की सोर्स कोड हाताशी आहे, गरज पडली की पुन्हा कंपाइल होईल, म्हणजे चालणारा प्रोग्राम नव्याने बांधता येईल. प्रोग्रामरच्या वाट्याला येणारा त्रास ही बहुतेक वेळा या शब्दाची किंमत असते. कोणता शब्द पाळला जातोय हे ओळखलं की कुठे शोधायचं ते कळतं.

फाइल उघडतानाच

पहिला धक्का विंडोजवर बसतो. पायथॉनमध्ये 'ओपन' हे फंक्शन नुसत्या फाइलच्या नावाने बोलावलं तर अक्षरांची सांकेतिक पद्धत कोणती, हे ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं. लिनक्स आणि मॅक 'यूटीएफ-८' सांगतात, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या मावणारी पद्धत. भारतातल्या इंग्रजी सेटिंगचं विंडोज सांगतं 'कोडपेज १२५२', म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बनवलेला एका बाइटचा तक्ता.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. १२५२ च्या तक्त्यात या तिन्ही आकड्यांना आपापली वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे एका 'म'ची तीन परकी चिन्हं होतात. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असा ५ चिन्हांचा. विंडोजवर तो १५ चिन्हांचा कचरा म्हणून वाचला जातो, आणि प्रोग्राम तक्रार करत नाही. मोजणी होते, यादी तयार होते, आणि ती सगळी चुकीची असते.

मग तोच प्रोग्राम दुसऱ्या फाइलवर मोडतो. संदेश येतो: चारमॅप कोडेकला शून्य-एक्स-आठ-डी (म्हणजे १४१) हा बाइट उलगडता येत नाही. पहिली फाइल चालली आणि दुसरी का नाही, याचं कारण मराठीतच दडलेलं आहे. १२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. हलन्ताचे बाइट आहेत २२४, १६५, १४१. म्हणजे फाइलमध्ये पहिलं जोडाक्षर आलं की प्रोग्राम थांबलाच. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४, 'झ'चा १५७. यातलं एकही चिन्ह नसलेली मराठी फाइल गुपचूप चुकीची वाचली जाते, आणि एक जरी असलं तरी निदान त्रुटी दिसते. जोडाक्षर नसलेल्या चार शब्दांवर चाचणी करून 'विंडोजवर चालतं' असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे. चाचणीच्या फाइलमध्ये 'एक झाड', 'पुस्तक' आणि 'ऐतिहासिक' हे शब्द ठेवावेत.

उपाय सोपा आहे. प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचं, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. जुना कोड हातात असेल आणि तीस जागी बदल करायचा नसेल, तर 'पायथॉनयूटीएफ८' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत १ ठेवा. ही सोय पायथॉन ३.७ पासून आहे. पायथॉन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ गृहीत ठरवलं आहे. जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८ म्हणून साठवलेल्या फाइलींच्या सुरुवातीला ३ बाइटची एक अदृश्य खूण असते. ती पहिल्या शब्दाला चिकटते आणि तो शब्द यादीत दोनदा दिसतो. ती गाळण्यासाठी वाचताना 'यूटीएफ-८-सिग' हे नाव द्या. शेवटची सीएसव्ही लिहितानाही तेच नाव वापरा. तिथे नेमकी ती खूण हवी असते, कारण तिच्याशिवाय दुहेरी क्लिक करून उघडलेल्या एक्सेलमध्ये मराठीचा कचरा दिसतो.

हे असं का राहिलं? विंडोज एनटी १९९३ साली आलं तेव्हा युनिकोडच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट पुरतील असा समज होता. यूटीएफ-८ ची रचना १९९२ सालची, म्हणजे तोवर विंडोजचा पाया घातला गेला होता. जुन्या प्रोग्रामांसाठी एका बाइटचे तक्ते बाजूला ठेवले गेले, आणि त्यांत देवनागरीला कधी जागाच मिळाली नाही. ते तक्ते काढून टाकले तर १९९० च्या दशकातले प्रोग्राम मोडतील. दिलेला शब्द पाळला जातोय. त्याची किंमत मराठी मजकूर वाचणाऱ्याकडून वसूल होते.

फाइलचं नाव

आता बाजू पालटते. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० चिन्हांची, ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटची शून्यखूण धरून. फोल्डरात फोल्डर असले की ती पटकन संपते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून (२०१६) ती उठवता येते, पण दोन अटींवर: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) 'लाँगपाथ्सएनेबल्ड' १ करायचं आणि प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्येही (सोबतच्या माहितीपत्रकातही) तो लांब पत्ते सांभाळतो असं जाहीर केलेलं हवं. दुसरी अट बरेचजण विसरतात आणि रजिस्ट्रीला दोष देतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसाठी त्याचं स्वतःचं 'कोअर डॉट लाँगपाथ्स' हे सेटिंग वेगळं चालू करावं लागतं.

लिनक्सची मर्यादा मराठीला जास्त छळते. एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) एका नावाला २५५ बाइट मिळतात. विंडोजच्या एनटीएफएसलाही २५५ च, पण तिथे ती मोजणी २ बाइटच्या एककांत, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हं मावतात. लिनक्सवर २५५ भागिले ३, फक्त ८५. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह धरायचं. लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलला देण्याची सवय असेल तर ८५ सहज ओलांडले जातात, आणि विंडोजवरून आणलेली झिप फाइल उबुंटूवर उलगडताना 'फाइल नेम टू लाँग' असं म्हणून थांबते. सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या किंवा इतर कुठल्या मराठी मजकूरसंग्रहावर काम करायचं असेल तर फाइलींना क्रमांकाची छोटी नावं द्यावीत आणि शीर्षकं वेगळ्या यादीत ठेवावीत.

मॅकवर तिसराच प्रकार आहे, आणि तो ऱ्याशी जोडलेला आहे. 'दऱ्या' हा शब्द तीन प्रकारे टाइप झालेला सापडतो. एक: ऱ या स्वतंत्र चिन्हाने, पुढे हलन्त आणि य, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ मिळतो. ही ५ चिन्हं. दोन: र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी फोड करून, ही ६ चिन्हं. तीन: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण, हीसुद्धा ६. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव साठवताना पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करायची. म्हणजे प्रोग्रामने ठेवलेलं नाव आणि फोल्डर वाचून परत आलेलं नाव यांची तुलना केली तर ती जुळायची नाहीत. २०१७ पासूनची एपीएफएस नाव जसंच्या तसं ठेवते, पण पहिलं आणि दुसरं रूप एकच फाइल मानते. लिनक्स फक्त बाइट बघतं, त्यामुळे तिथे त्या दोन वेगळ्या फाइली. लिनक्सवरच्या अशा दोन फाइली मॅकवर कॉपी केल्या तर एक दुसरीवर लिहिली जाते.

पायथॉनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' फंक्शन 'एनएफसी' या पर्यायासह वापरलं की पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं होत नाही, कारण युनिकोड त्याला समतुल्य मानत नाही. त्यासाठी र, हलन्त, जोडखूण ही त्रयी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी ओळ स्वतः लिहावी लागते. ही ओळ नसेल तर शब्दांच्या यादीत 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांच्या दोन-दोन नोंदी राहतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये ती हवीच.

लहानमोठ्या लिपीचा घोळ त्यामानाने सरळ आहे. विंडोज आणि मॅकवर इंग्रजी नावातला पहिला वर्ण मोठा लिहिला काय किंवा छोटा, फाइल सापडते; लिनक्सच्या सर्व्हरवर सापडत नाही. नावं सगळीकडे छोट्या लिपीत ठेवा, प्रश्न मिटला. ओळींच्या शेवटाचंही तसंच: विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन बाइट, इतरत्र एक. त्या जादा बाइटमुळे शेल स्क्रिप्ट (आज्ञांची यादी असलेली फाइल) लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणते. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये स्क्रिप्टांसाठी 'ईओएल बरोबर एलएफ' असा नियम घालून ठेवा.

उघडी फाइल

वापरणाऱ्याने यादी एक्सेलमध्ये उघडून ठेवली आहे आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. विंडोजवर 'परमिशन डिनाइड', त्रुटी क्रमांक १३. परवानगीशी याचा काही संबंध नसतो. फाइल उघडणारा प्रोग्राम ती इतरांना वाचू, लिहू किंवा खोडू द्यायची का, हे विंडोजला सांगतो, आणि एक्सेल लिहू देत नाही. कुणी धरून ठेवली आहे ते बघायला रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू पानावर 'असोसिएटेड हँडल्स'मध्ये फाइलचं नाव शोधा. प्रोग्रामने ही त्रुटी पकडून नावात वेळ घातलेली दुसरी फाइल लिहावी आणि तसं वापरणाऱ्याला सांगावं.

लिनक्सवर फाइलचं नाव आणि फाइलचा मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत. खोडलं की नाव जातं. मजकूर कुणी उघडून बसलं असेल तोवर डिस्कवर राहतो. म्हणून तिथे यादी आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलणं निर्धोक ठरतं. पण याच रचनेमुळे दुसरा त्रास होतो: भरमसाट वाढलेली लॉग फाइल खोडली तरी डिस्कची भरलेली जागा सांगणारं 'डीएफ' ती भरलेलीच दाखवतं आणि फाइलींची जागा मोजणाऱ्या 'डीयू'ला ती जागा सापडत नाही. 'एलएसओएफ' ला अधिक-चिन्ह, एल, एक असा पर्याय दिला की नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली दिसतात. तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते.

दुसऱ्याच्या मशीनवर

प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर चालला; आता तो शाळेतल्या शिक्षकाला द्यायचा आहे, ज्याच्याकडे पायथॉन नाही. पायइन्स्टॉलरने एकच चालणारी फाइल बनवता येते. इथून पुढे बंदिस्त सिस्टिमचा त्रास तांत्रिक कमी आणि परवानगीचा जास्त होतो.

विंडोजवर डिजिटल सही नसलेल्या फाइलला स्मार्टस्क्रीन हे सुरक्षा-साधन अडवतं, आणि पायइन्स्टॉलरच्या एकसंध फाइलींवर अँटिव्हायरस उगाच संशय घेतात. एका फाइलऐवजी फोल्डरच्या रूपात बांधलं तर हा संशय कमी होतो. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, आणि १ जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम आहे. फुकट साधन वाटणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला हे परवडत नाही.

मॅकवर ॲपलच्या डेव्हलपर कार्यक्रमाची वर्षाला ९९ डॉलर वर्गणी भरा, त्या ओळखीने सही करा, फाइल 'नोटरीटूल'ने ॲपलकडे तपासणीला पाठवा, होकार आला की 'स्टेपलर'ने ती पावती जोडा. आतल्या प्रत्येक लायब्ररीवरही (प्रोग्राम वापरत असलेल्या तयार कोडवरही) सही लागते. एक राहिली की नकार येतो, आणि कोणती राहिली ते नोटरीटूलच्या लॉगमध्ये बघावं लागतं. हे न करता दिलेला प्रोग्राम पूर्वी कंट्रोल धरून क्लिक केलं की उघडता यायचा. २०२४ च्या सिकोइया आवृत्तीत ती वाट बंद झाली. आता सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जाऊन 'ओपन एनीवे' दाबावं लागतं. सुरक्षेच्या बाजूने यात तथ्य आहे. पण कुलपाची किल्ली एकाच कंपनीकडे असणं आणि तिच्यासाठी दरवर्षी भाडं भरणं, याचा भार छोट्या भाषांसाठी साधनं बनवणाऱ्यांवर सर्वांत जास्त पडतो.

लिनक्सवर कुणाची परवानगी लागत नाही. तिथे 'लिनक्स' नावाची एकच गोष्ट नसते, हा त्रास आहे. उबुंटू २२.०४ वर बांधलेली फाइल २०.०४ वर चालवली की 'जीएलआयबीसी २.३४ नॉट फाउंड' अशा धर्तीची त्रुटी येते. जीलिबसी ही सगळ्या प्रोग्रामांच्या तळाची लायब्ररी. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. जुनी फाइल नव्या लायब्ररीवर चालते, कारण जुने शिक्के जपलेले असतात. नवी फाइल जुन्या लायब्ररीवर चालत नाही. २०२१ च्या २.३४ आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. तेव्हापासून त्यावर बांधलेला सी भाषेतला एका ओळीचा प्रोग्रामसुद्धा जुन्या मशीनवर उठत नाही.

उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर जीलिबसी २.३१ आहे, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६. आपल्या मशीनवर कोणती ते 'एलडीडी'ला 'व्हर्जन' विचारलं की पहिल्या ओळीत दिसतं. नियम असा: ज्या सर्वांत जुन्या मशीनवर चालवायचं आहे, त्याच्या आवृत्तीवर बांधा. त्यासाठी जुनं मशीन लागत नाही. प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरमध्ये डेबियन ११ ची प्रतिमा घेऊन तिच्यात बांधलं की पुरतं, कारण कंटेनरमध्ये कर्नल तुमचा पण जीलिबसी त्याची असते.

कुणाचीच चूक नाही तेव्हा

मुक्त सोर्सच्या जगातला सर्वांत अवघड त्रास वेगळाच असतो: प्रत्येक तुकडा बरोबर, पण जोडणीची जबाबदारी कुणाचीच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली आणि शब्दांच्या क्रमवारीचे नियम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सुधारले गेले. सुधारणा योग्यच होती. पण पोस्टग्रेस हा डेटाबेस मजकुराचा क्रम सहसा जीलिबसीलाच विचारतो आणि त्या क्रमाने इंडेक्स (नोंद लवकर सापडावी म्हणून केलेली सूची) रचून डिस्कवर ठेवतो. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर गेलं की डिस्कवरचा इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणार. नोंद असते, पण सापडत नाही. एकदाच यावी अशी अट असलेली नोंद दोनदा शिरते. त्रुटीचा संदेश कुठेच नाही.

आपली शब्दांची यादी पोस्टग्रेसमध्ये ठेवली असेल तर सिस्टिम बदलण्याआधी एक तपासणी करा. ओळी क्रमाने लावणाऱ्या 'सॉर्ट'ला '१-१' आणि '११' या दोन ओळी इंग्रजी अंकांत, अमेरिकन इंग्रजीच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) द्या. जुन्या मशीनवर ११ आधी आणि नव्यावर १-१ आधी आलं, तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स'ने नव्याने रचा. आधीच बदलून झालं असेल तर 'ॲमचेक' हे एक्स्टेन्शन बिघडलेले इंडेक्स शोधून देतं. नवा डेटाबेस उभारताना पोस्टग्रेस १७ पासूनची अंगभूत क्रमवारी घ्या. ती ऑपरेटिंग सिस्टिमला काही विचारत नाही. तिचा क्रम केवळ चिन्हांच्या क्रमांकांचा असतो, त्यामुळे वर्णमालेप्रमाणे दाखवायचं असेल तर ते काम शेवटी, यादी छापताना करावं लागतं.

कारण शोधायचं कुठे

वरची कुठलीच अडचण जुळत नसेल, तर प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतोय ते बघणं हा पहिला उपाय. विंडोजवर प्रोसेस मॉनिटर चालवा, आपल्या प्रोग्रामच्या नावाची चाळणी लावा आणि निकालाच्या रकान्यात 'नेम नॉट फाउंड' किंवा 'शेअरिंग व्हायोलेशन' शोधा. मॅकवर सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्रामांत डोकावायला ॲपलने बंदी घातली आहे, पण फाइलींपुरतं 'एफएस-यूसेज' अधिकार घेऊन चालवता येतं. लिनक्सवर 'एसट्रेस'ला फक्त फाइलींच्या मागण्या दाखवायला सांगा. शेवटच्या वीसेक ओळींत बहुधा कारण असतंच.

इथपर्यंत तिन्ही सारख्याच उपयोगाच्या. फरक पुढच्या पायरीवर पडतो. विंडोज किंवा मॅकवर काय नाकारलं गेलं ते कळतं, का नाकारलं ते भिंतीपलीकडे राहतं. मग अडचण दाखवणारं दहा ओळींचं छोटं उदाहरण बनवून कंपनीकडे पाठवायचं, आणि उत्तराची वाट न बघता वळसा शोधायचा. लिनक्सवर 'ॲप्ट सोर्स'ने त्याच आवृत्तीचा कोड उतरवून नकार देणाऱ्या ओळीपर्यंत जाता येतं. मराठीची क्रमवारी, महिन्यांची नावं, तारखेची मांडणी जीलिबसीच्या 'एमआर-आयएन' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहेत. चूक सापडली तर ती मराठी माणूस स्वतः दुरुस्त करून पाठवू शकतो. ती दुरुस्ती स्वीकारली जाऊन वितरणांच्या पुढच्या आवृत्तीत यायला मात्र कित्येक महिने जातात, आणि तोवर शिक्षकाच्या मशीनवर जुनीच फाइल असते. तेव्हा वळसा तिथेही लिहावा लागतो, फक्त कोडमध्ये त्याच्या शेजारी नेमकं कारण आणि तो कधी काढायचा ती आवृत्ती टिपून ठेवता येते.